बुटातल्या चिठ्ठ्या

काकांनी आपली चकती तक्त्यावर सगळ्यांच्या आधी लावली, यात कुणालाच नवल वाटलं नाही. काका फोनसुद्धा वाजायच्या आधी उचलायचे.

तक्ता म्हणजे फुटबॉल क्लबच्या खोलीतल्या भिंतीवरचा हिरवा लोखंडी तक्ता, त्यावर पांढऱ्या रेघांनी मैदान आखलेलं. एरवी त्यावर कोण कुठे खेळणार ते दाखवायचं. पण घरातला कुठलाही प्रश्न निकाली काढायचा असला की कुटुंब याच खोलीत जमायचं आणि ज्याने त्याने आपली चुंबकाची चकती आपल्याला पटेल त्या अर्ध्यात लावायची. खिडकीकडचा अर्धा म्हणजे हो, दाराकडचा म्हणजे नाही. आत्याचं लग्न याच तक्त्यावर ठरलं होतं आणि चार वर्षांनी याच तक्त्यावर मोडलं होतं, दोन्ही वेळा एका मताच्या फरकाने.

आजचा प्रश्न साधा होता. बारा वर्षांच्या आतली मुलं त्यांच्या कोचकडून, शिट्टीकडून, काढून कॅप्टनकडे द्यायची का? काकांची चकती खिडकीकडे होती, म्हणजे द्यायची. त्यांचा मुलगा कॅप्टन याने आपली चकती वडिलांच्या चकतीशेजारी लावली, पण एक बोट अंतर ठेवून. शिट्टीने आपली दाराकडे लावली. बाबांनी लेकीच्या शेजारी. आत्याने नेहमीप्रमाणे मधल्या वर्तुळात.

"आत्या, तिथे कुणी राहत नाही," शिट्टी म्हणाली.

"मी राहते," आत्या म्हणाली. ती दातांची डॉक्टर होती आणि समोरच्याने तोंड पूर्ण उघडल्याशिवाय मत द्यायची नाही.

आजोबा, म्हणजे नाना, खुर्चीत होते. वय ब्याऐंशी, क्लब त्यांनीच काढलेला. त्यांची चकती खिशात होती. समसमान झालं तरच ती बाहेर यायची.

सोमवारचे साडेतीन वाजले होते. पाचला मुलं येणार होती. काकांनी नवं वेळापत्रक छापूनच आणलं होतं आणि त्यात 'बाराच्या आतले' याच्यापुढे कॅप्टनचं नाव होतं. घाईत छापलेल्या कागदाला एक ऊब असते, ती अजून त्याला होती.

"अकरा-शून्य," काका म्हणाले. "आठच्या पुढचे गोल मी बोटांवर मोजले, कारण आपल्या फलकाला आठच्या पुढचे आकडेच नाहीत. आजवर लागलेच नव्हते."

"मागवून घेऊ," शिट्टी म्हणाली.

"चेष्टा नको. मला फक्त एवढंच सांग, गोलकीपर कुठे होता?"

"मैदानात."

"मैदान मोठं असतं, शिट्टे."

शिट्टीचं हे नाव ती तीन वर्षांची असताना पडलं. तिने नानांच्या शिट्टीतली गोळी गिळली होती. शिट्टीचा आवाज गेला तो गेलाच, तो हिच्यात उतरला असं घरातल्यांचं मत. पण काल सबंध मॅचभर त्या आवाजातला एक कणसुद्धा बाहेर आला नव्हता, कारण क्लबचा नियमच तसा होता आणि तो खुद्द नानांनी घालून दिलेला. मॅचआधी प्रत्येक मुलाच्या बुटात एक चिठ्ठी. चिठ्ठीत त्या दिवसाचं त्याचं एकट्याचं काम. ते त्याने कुणाला सांगायचं नाही, कुणी विचारायचं नाही, आणि कोचने मॅच संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही. चाळीस वर्षांत हा नियम मोडला नव्हता. काकांनाही तो मोडता आला नव्हता, त्यांनी फक्त चिठ्ठ्या छोट्या केल्या होत्या. कॅप्टनच्या मोठ्या मुलांना सगळ्यांना एकच चिठ्ठी मिळायची. 'जिंका.'

शिट्टीच्या चिठ्ठ्या लांब असायच्या. तिच्याकडे मुलं बारा आणि वह्या बारा. कोण बॉल घेण्याआधी मान वळवून बघतो, कोण बघत नाही, कुणाला मागून धक्का लागला की रडू येतं आणि तो ते घाम म्हणून पुसतो, असं सगळं त्यांत.

आणि काल, तिच्या डोळ्यांदेखत, तिचा गोलकीपर गोल सोडून निघाला होता.

त्याला सगळे कपाट म्हणत. अकरा वर्षांचा, रुंद, शांत. बॉल त्याच्याकडे आला, त्याने तो हातात न घेता पायात घेतला, समोरच्या एकाला चकवलं आणि चालू लागला. मग दुसऱ्याला. कुणाला काही कळेना, त्यामुळे पहिल्यांदा कुणी त्याला अडवलंही नाही. मागे गोलमध्ये फक्त जाळी उरली. त्याच वेळी दुसऱ्या टोकाला तिचा सगळ्यात वेगवान फॉरवर्ड, सुसाट, समोरच्यांच्या पेनल्टी बॉक्समध्ये खांबासारखा उभा राहून अखंड बोलत होता. तो समोरच्या संघाच्या डिफेंडरांना सांगत होता की त्यांच्या मागे काय चाललंय. "तुझ्या डावीकडे एक जण आहे." "मागे मोकळं आहे, सांभाळ." त्या मुलांनी हाफटाइमला येऊन त्याचे आभार मानले.

शिट्टी बाकावर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली होती.

"तीन पालकांचे फोन आले," काका सांगत होते. "एकाने विचारलं, गोलकीपरचं काही घरी बिनसलंय का. एकाने विचारलं, हा नवा प्रकार आहे का. तिसऱ्याने नुसता श्वास सोडला. ठेवला फोन. मी क्लब कसा चालवायचा? हा क्लब सात पोरांवर आला होता, आठवतं का कुणाला? सात. कप आले म्हणून पोरं आली. पोरं आली म्हणून तुझ्या बारा वह्या."

"मान्य," शिट्टी म्हणाली. आणि ते खरंच होतं. काका त्या वर्षी स्वतः मैदानाचं कुंपण रंगवत होते, हे तिने पाहिलेलं होतं.

"मग?"

"मग काही नाही. तो तसा का गेला, मला माहीत नाही. मी त्याला पोझिशन सोडू नकोस असंच लिहिलं होतं."

"म्हणजे तुझं लिहिलेलं पोरं ऐकतसुद्धा नाहीत."

इथे बाबा खाकरले. बाबांकडे मैदानाची आणि बुटांची देखभाल होती. ते खाकरले की लोक थांबत नसत, कारण ते रेघा आखायच्या चुन्यामुळे दिवसभर खाकरायचे. म्हणून त्यांना दोनदा खाकरावं लागलं. मग त्यांनी खिशातून दोन चिठ्ठ्या काढून टेबलावर ठेवल्या. ओल्या होत्या, पण पेन्सिलीने लिहिलेल्या असल्यामुळे वाचता येत होत्या.

"शनिवारी ही चिठ्ठ्या ठेवून गेली," बाबा म्हणाले. "बुटांना चिखल होता. मी चिठ्ठ्या काढून खिडकीत ओळीने ठेवल्या, बूट पुसले, परत ठेवल्या. कपाटाचे आणि सुसाटचे बूट सारखेच. काळे, चार नंबर. आज सकाळी बूट झटकले तर यातली ही निघाली त्याच्या बुटातून आणि ती निघाली याच्या."

शिट्टीने चिठ्ठ्या उचलल्या. कपाटाच्या बुटातून निघालेल्या चिठ्ठीत तिच्याच अक्षरात होतं: 'आज दहा वेळा बॉल घेऊन समोरच्याला चकवून पुढे जायचं. बॉल गेला तरी चालेल. दहा वेळा.' सुसाटच्या बुटातल्या चिठ्ठीत होतं: 'बॉक्स सोडायचा नाही. सतत बोलायचं. मागे काय दिसतंय ते डिफेंडरांना सांगायचं.'

नानांचं पोट हलत होतं. ते हसत होते, पण आवाज काढत नव्हते.

"म्हणजे दोघांनी सांगितलेलं अक्षरन् अक्षर केलं," आत्या म्हणाली.

"मग सकाळीच का नाही सांगितलंस?" काकांनी बाबांना विचारलं.

"दादा, मला वाटलं, विषय आपोआप मिटेल."

"मी वेळापत्रक छापलं."

"ते दुपारी छापलंस."

काका उठले. ते तापट होते, पण चूक ही गोष्ट त्यांना कळायची. फक्त पद्धत कळायची नाही. त्यांनी आपली चकती खिडकीकडून काढली आणि दाराकडच्या अर्ध्यात, शिट्टीच्या चकतीशेजारी ठप्पकन लावली. "झालं. घरातलीच चूक. मी पालकांना फोन करून सांगतो, चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली. कपाट रविवारी परत गोलमध्ये. चिठ्ठ्या यापुढे बंद. पोरं तुझ्याकडेच राहू दे. कुणी चहा टाकतंय का?"

बाबांच्या खांद्यांवरून पोतं उतरल्यासारखं झालं. कॅप्टनने वेळापत्रक उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेन टेकवलं. आत्या चहाच्या किटलीकडे वळली.

शिट्टी मात्र कपाटाची वही उघडून बसली होती. तिने ती मांडीवर ठेवून सावकाश, पहिल्या पानापासून, पानं उलटली. चहाला उकळी आली तेव्हा तिने मान वर केली.

"काका," ती म्हणाली, "कपाट परत गोलमध्ये जाणार नाही."

"म्हणजे?"

"चार वर्षांपूर्वी तो आला तेव्हा सात वर्षांचा होता. तुम्ही दारात उभे होतात. तुम्ही म्हणालात, याला गोलमध्ये उभा करा, बॉलला जायला जागाच उरणार नाही. सगळे हसले. मीही हसले. मग मी वही काढली आणि पहिल्या पानावर लिहिलं, गोलकीपर. हे बघा. पुढची सगळी पानं हातांबद्दल आहेत. पकड, उडी, लांब फेकणं. चार वर्षांत त्याच्या पायांबद्दल एक ओळ नाही. एक. मी घरभर सांगत फिरते की मी एकेका मुलाकडे बघते. याच्याकडे मी दारातल्या एका विनोदातून बघितलंय."

"अगं, चूक बुटांची होती," बाबा म्हणाले.

"बुटांची चूक शनिवारची, बाबा. माझी चार वर्षांची. काल तो चालला तेव्हा त्याचं डोकं वर होतं. बॉल पायात असताना डोकं वर ठेवणारा माझ्याकडे दुसरा कुणी नाही. सुसाटसुद्धा नाही. सुसाट बॉलकडे बघतो आणि झाडांवर आपटतो."

"मैदानात झाडं नाहीत," काका म्हणाले.

"कुंपणापलीकडे आहेत. तिथे."

काकांनी चहाचा कप खाली ठेवला. "मी काय म्हणतोय, ते कळतंय का तुला? मी माफ केलंय. सगळं तुझ्याकडे राहतंय. फक्त त्याला गोलमध्ये ठेव आणि गप्प बस."

"कळतंय."

"आणि नाही ठेवलंस तर पाच वाजता कॅप्टन मैदानात जाईल. तू नाही."

"तेही कळतंय."

ती उठली, तक्त्याजवळ गेली, आपल्या चकतीशेजारची काकांची चकती काढली आणि परत खिडकीकडे, होती त्याच जागी लावली. "ही तुमची. घाईत इकडे आली होती."

असं कुणी कधी केलं नव्हतं. दुसऱ्याची चकती हलवायची नाही असा नियमही नव्हता, कारण तशी कल्पनाच कुणाला सुचली नव्हती. काका तक्त्याकडे बघत राहिले.

मग बाबा उठले आणि त्यांनी जे केलं त्याची शिट्टीला अपेक्षा नव्हती. त्यांनी आपलीही चकती काढून खिडकीकडे नेली.

"बाबा?"

"मी तुझ्यासाठी दादासमोर मान खाली घातली," बाबा म्हणाले. ते रागावले की जास्तच हळू बोलत. "साठ वर्षांत दुसऱ्यांदा. मिळालेलं ताट तू लाथाडतेस. बारा पोरं हातात ठेव, त्यातल्या एकाचं पुढे बघता येईल. शहाणपण याला म्हणतात."

"त्या एकाचं पुढे कधी बघणार, बाबा? बाराव्या वर्षी तो कॅप्टनकडे जाईल. गोलकीपर म्हणून."

बाबा खिडकीबाहेर बघू लागले. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं, नुकत्याच आखलेल्या रेघा होत्या, त्यांनीच आखलेल्या.

आता दाराकडच्या अर्ध्यात एकच चकती होती. शिट्टीने हात मागे बांधले आणि ती उभीच राहिली. भांडणात हरत असताना बसायचं नाही, हे ती काकांकडूनच शिकली होती.

"तिचं बरोबर आहे," कॅप्टन म्हणाला.

काकांनी मान वळवली. "कुणाचं?"

"हिचं. पप्पा, मला दर वर्षी बारा वर्षांची पोरं मिळतात. प्रत्येकाला एकच गोष्ट येते. एक जण फक्त डावीकडून पळतो. एक जण फक्त लांब मारतो. मी त्यांना जुळवतो आणि आपण कप जिंकतो. पंधराव्या वर्षी समोरचे मोठे होतात, ती एक गोष्ट पुरत नाही, आणि पोरं खेळ सोडतात. आपल्याकडे कप किती आहेत?"

"एकोणीस."

"आणि ते जिंकलेल्या पोरांतली आज खेळतात किती?"

उत्तर सगळ्यांना माहीत होतं. दोन, आणि त्यातला एक टेबल-टेनिस.

"मला तू आठ वर्षांचा असताना मागे उभं केलंस," कॅप्टन म्हणाला. "उंच आहे म्हणून. मला अजून माहीत नाही मी पुढे कसा खेळलो असतो. वाईटच खेळलो असतो कदाचित. पण माहीत नाही."

तो आपली चकती घेऊन दाराकडे आला. शिट्टीच्या चकतीशेजारी लावताना त्याने या वेळी बोटाचं अंतर ठेवलं नाही.

"कॅप्टन," शिट्टी म्हणाली, "आता रडू नकोस, वहीत लिहावं लागेल."

"गप ए."

दोन विरुद्ध दोन. सगळे आत्याकडे वळले. आत्याने बिस्किट चहात बुडवलं, वेळ चुकली, अर्धं बिस्किट बुडालं. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"आत्या, तोंड पूर्ण उघडलंय सगळ्यांनी," शिट्टी म्हणाली.

"दिसतंय. माझ्याकडे आयाबाया येतात, म्हणतात, पोराचे पुढचे दात वाकडे आहेत, सरळ करून द्या. पोरगं सहा वर्षांचं. ते दुधाचे दात असतात. मी म्हणते, बाई, हे पडणार आहेत. खालून काय येतंय ते बघू या." ती उठली. "दादा, तुझे एकोणीस कप दुधाचे आहेत. माझ्यावर रागावू नकोस."

तिची चकती वर्तुळातून निघून दाराकडे गेली. इतक्या वर्षांत तिच्याखालची हिरवी जागा बाकीच्या तक्त्यापेक्षा गडद राहिली होती.

तीन विरुद्ध दोन. नानांच्या चकतीची गरज उरली नव्हती, तरी नाना बोलले.

"गोलमध्ये कोण?"

हा प्रश्न इतका वेळ कुणालाच पडला नव्हता.

"सगळे," शिट्टी म्हणाली. "आळीपाळीने. बारा जण, बारा आठवडे."

"सुसाटसुद्धा?" काकांनी विचारलं.

"तो पहिला. बोलायची सवय झालीच आहे."

"पंधरा-शून्य होईल."

"होईल. पुढच्या आठवड्यात चौदा होतील. काका, रविवारी बाकावर माझ्या शेजारी येऊन बसा. फोन आले तर तिथूनच घ्या. फक्त मैदानाकडे बघून ओरडायचं नाही. नियम आहे."

"तो नियम," नाना म्हणाले, "माझा घसा बसला होता त्या वर्षीचा आहे."

काकांनी दाराकडे पाहिलं.

"काय?" काका म्हणाले.

"घसा बसला होता. डॉक्टरने तीन महिने बोलायला बंदी केली. म्हणून चिठ्ठ्या लिहिल्या, म्हणून गप्प बसलो. घसा सुटला तेव्हा तुम्ही सगळ्यांनी त्याचं शास्त्र केलं होतं. सांगायला लाज वाटली."

"नाना, आम्ही तो नियम दारावर रंगवलाय."

"बघितलं मी. छान रंगवलाय."

शिट्टीने हातातल्या ओल्या चिठ्ठ्यांकडे पाहिलं. "म्हणजे काल मी ओरडू शकले असते."

"शकली असतीस," नाना म्हणाले. "पहिल्याच वेळी ओरडून त्याला मागे पाठवलं असतंस. मग आज कशावर भांडली असतीस?"

तिने यावर विचार केला, आणि मग घड्याळाकडे पाहिलं. पाचला दहा कमी होते. काका वेळापत्रक हातात घेऊन त्यावरचं कॅप्टनचं नाव पेनाने खोडत होते, फार सावकाश, आणि त्यावर शिट्टीचं नाव लिहायला त्यांनी जागाच ठेवली नव्हती. शेवटी त्यांनी ते बाजूच्या कोऱ्या पट्टीत उभं लिहिलं.

"बाकावर उशी असते का?" त्यांनी न बघता विचारलं.

"नसते."

"आणतो मी."

बाबा दारात उभे होते. तिने जाताना त्यांच्या खांद्याला हात लावला, त्यांनी तो हात झटकला नाही, पण धरलाही नाही. तेवढ्यावर ती बाहेर पडली.

मैदानावर मुलं जमत होती. कपाट नेहमीसारखा आधीच आला होता आणि गोलखांबाला टेकून हातमोजे चढवत होता.

"ते ठेव," शिट्टी म्हणाली. "आजपासून तू मधे खेळायचंस. आणि हे मी चिठ्ठीत लिहिणार नाही, तोंडावर सांगतेय, म्हणजे विचारायचं असेल ते विचार."

त्याने हातमोजे काढले, एकात एक घातले आणि खाली ठेवले. तिला वाटलं, आता विचारेल, का. किंवा, किती दिवस. किंवा, आई रागावेल का.

"ताई, काल दहा वेळा गेलो," तो म्हणाला. "सात वेळा पुढे गेलो. तीन वेळा बॉल गेला. ते तीन का गेले?"

शिट्टीला काल तिसऱ्या गोलनंतर मोजायचं सुचलंच नव्हतं. तिने डोळे मिटले, मॅच आठवली. एक, कोपऱ्यात. एक, त्या लाल केसांच्या मुलाकडून. एक, मध्यरेषेजवळ.

"तिन्ही वेळा तुला डावा पाय लागला असता," ती म्हणाली. "तू वापरला नाहीस. कुठे असतो तुझा डावा पाय?"

त्याने खाली बघितलं. नीट बघितलं.

"इथेच आहे."

"मग चल," शिट्टी म्हणाली, आणि बॉल त्याच्या डावीकडे ढकलला.